कमी चाललेली स्पोर्ट्स कार घेताना आधी बोनेटला हात लावून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: 2015 सालची दोन दारांची स्पोर्ट्स कार, मॅन्युअल गिअर, ताकद मागच्या चाकांना, ओडोमीटरवर 19,000 किलोमीटर, दोन मालक. विकणारा म्हणतो, वर्षातून चार-पाच वेळाच बाहेर काढली. मेकॅनिककडे नेण्याआधी स्वतः काय बघायचं, आणि एवढं कमी रनिंग म्हणजे गाडी चांगलीच समजायची ना?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही समजायची. वीस-बावीस वर्षं अशाच गाड्या उघडण्यात गेली माझी. खरेदीनंतर सगळ्यात जास्त खर्चात पडलेली गिऱ्हाइकं आठवली, तर त्यांत कमी चाललेल्या गाड्यावालेच जास्त निघतात. एक गाडी आली होती, आठ वर्षांत 11,000 किलोमीटर. रंग आरशासारखा, सीटला सुरकुती नाही. घेणाऱ्याने रनिंग बघूनच चार पैसे जास्त मोजले होते. पहिल्या चार महिन्यांत क्रँकशाफ्टचं मागचं सील गळायला लागलं, कूलंटचे होज फुगले, इंधनाचा पंप बसला. मग एका ओल्या वळणावर गाडी मागून फिरली, कारण टायर कंपनीतून आलेलेच होते आणि रबराचं पार लाकूड झालं होतं. त्या गाडीत झिजलेलं काहीच नव्हतं, सगळं उभ्या उभ्या म्हातारं झालं होतं.

सील, होज, बुश ही रबराची मंडळी तेलात भिजती आणि हलती राहिली की टिकतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, गाडी चालो न चालो. ‘महिन्यातून एकदा दहा मिनिटं स्टार्ट करून ठेवतो’ असं मालक अभिमानाने सांगतो, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. दहा मिनिटांत इंजिन ऑइल पुरतं तापत नाही, त्यामुळे आत धरलेलं पाणी आणि ऑइलमध्ये उतरलेलं पेट्रोल उडून जात नाही, तिथेच साठतं. अशी गाडी अजिबात सुरू केली नसती तरी बरी राहिली असती. म्हणून किती चालली यापेक्षा कशी चालली आणि कशी उभी राहिली, हे शोधायचं. खालचं सगळं त्यासाठीच.

गाडी बघायला जाताना मालकाला आदल्या दिवशी स्पष्ट सांगा: मी येईपर्यंत सुरू करू नका. पोहोचल्यावर नमस्कार-चमत्कार चालू असतानाच बोनेटवर तळहात ठेवा, मग सायलेन्सरच्या टोकाला बोट लावा. कोमट लागलं तर कारण विचारा. ‘बाहेर काढून धुतली’ हे उत्तर खरंही असू शकतं. मी तरी अशा वेळी दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो. गरम इंजिन खोटं बोलतं. त्यातलं ऑइल सगळीकडे पसरलेलं असतं, फटी धातू फुगून मिटलेल्या असतात, आवाज दबलेले असतात.

सुरू करण्याआधी डिपस्टिक काढा (काही गाड्यांत ती नसतेच, पातळी स्क्रीनवर दिसते). काळं ऑइल म्हणजे वाईट ऑइल असं नाही. दोन बोटांत चोळून वास घ्या, पेट्रोलचा वास आला तर गाडी कायम छोट्या फेऱ्यांसाठी वापरली असणार. ऑइलच्या झाकणाखाली पिवळसर साय असेल तर तीही बहुधा तीच गोष्ट सांगते. पण कूलंटची टाकीही बघा, कारण तिथेही साय तरंगत असेल तर प्रकरण हेड गास्केटपर्यंत (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलपर्यंत) गेलेलं असू शकतं.

आता स्टार्ट मालकाला मारायला सांगा आणि तुम्ही मागे उभे राहा. पहिला अर्धा मिनिट फार मोलाचा असतो. निळसर धूर येऊन लगेच थांबला तर व्हॉल्व्ह सीलमधून रात्रभर तेल झिरपलं असेल. मात्र आडव्या, म्हणजे बॉक्सर इंजिनात उभ्या गाडीतलं थोडं तेल सिलिंडरमध्ये उतरतं, तिथे क्वचित एखादा निळा भपका येणं स्वाभाविक आहे. पांढरी वाफ थंडीत सगळ्याच गाड्या सोडतात, इंजिन तापल्यावरही ती गोडसर वासासकट येत राहिली तर काळजी करा. आवाजात दोन गोष्टी ऐका. सुरुवातीचे दोन-तीन सेकंद इंजिनातली टायमिंगची साखळी खडखडून शांत झाली तर टेन्शनर, म्हणजे तिला ताणून धरणारा भाग, थकलेला असू शकतो. आणि हलकी रेस देऊन सोडताना खालून ‘टक-टक-टक’ असा जड, खोल आवाज आला, तर तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असू शकतो. तो आवाज एकदा ऐकला की माणूस विसरत नाही. पण तुम्ही पहिल्यांदाच ऐकत असाल, म्हणून फोनवर रेकॉर्ड करा आणि अशा गाड्या रोज हाताळणाऱ्या कोणाला तरी ऐकवा.

इंजिन तापेपर्यंत कागद बघा. नोंदणी, कर्जाचा बोजा, विम्याचे जुने दावे, चासी नंबर तीन ठिकाणी एकच आहे ना, रिकॉलची कामं झालीत का, हे कुठल्याही जुन्या गाडीचं झालं, त्यावर वेळ घालवत नाही. मी सर्व्हिसची बिलं मागतो, आणि शिक्के मारलेल्या पुस्तिकेपेक्षा त्यांच्यावर जास्त विश्वास ठेवतो. शिक्का मारायला शाई पुरते. बिलावर तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड, पार्टचे नंबर असतात. ती तारखेनुसार लावा आणि दोन बिलांमधलं अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, महिन्यांमध्ये मोजा. वर्षाला दोन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचं ऑइल ‘दहा हजार झाले नाहीत’ म्हणून चार वर्षं बदललं नसेल, तर त्या मालकाला आपण काय घेतलंय हेच कळलं नव्हतं. टायमिंग बेल्टचंही (व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणाऱ्या पट्ट्याचंही) तसंच. फेरारी 355 मध्ये तो बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं, 360 मध्ये सीटमागच्या झाकणातून हात जातो. बेल्ट दोन्हींत वर्षांवर बदलायचा असतो. गाडी हलली नाही म्हणून बेल्टचं वय थांबत नाही, आणि तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हला भिडतात.

मॅन्युअल गाडी घेताय म्हणून पुढचा भाग जरा सविस्तर लिहितो. रेव्ह लिमिटर असतो, मग इंजिन मर्यादेबाहेर फिरेलच कसं, असं बऱ्याच जणांना वाटतं. अॅक्सिलरेटर दाबून तुम्ही मर्यादा ओलांडू शकत नाही हे खरं, कारण लिमिटर इंधन किंवा ठिणगी तोडतो. पण चौथ्यातून पाचवा टाकायच्या घाईत तिसरा पडला आणि क्लच सोडला, तर इंजिनाला फिरवणारी चाकं असतात, इंधन नव्हे. लिमिटर तिथे काही करू शकत नाही. व्हॉल्व्ह तरंगतात, पिस्टनला टेकतात, रॉडचे बोल्ट ताणले जातात. कधी इंजिन तिथेच जातं, कधी सहा महिन्यांनी नव्या मालकाच्या हातात.

अशा घटनांची नोंद काही गाड्यांचा कॉम्प्युटर ठेवतो. पोर्शे 911 च्या 997 पिढीपासून ती आरपीएमच्या सहा पट्ट्यांत असते, प्रत्येक पट्टीत इंजिन किती वेळा पोहोचलं आणि शेवटचं केव्हा, ते इंजिनाच्या तासांसकट. पहिल्या एक-दोन पट्ट्या लिमिटरला टेकल्याच्या असतात, हौसेने चालवलेल्या गाडीत त्या भरलेल्या दिसणारच. पाचव्या-सहाव्यात आकडे दिसले की मात्र ती गियरची चूक, दुसरं काही नाही. ती कधी झाली ते बघायचं. चूक 200 तासांवर झाली असेल आणि आज इंजिनाचे 480 तास झाले असतील, तर पुढचे 280 तास इंजिन टिकून आहे. कॉम्प्रेशन नीट आलं तर मी ती गाडी घेईन. चूक 476 व्या तासाला झालेली असेल तर पाय मागे घेईन, कारण मग ती विक्रीला का निघाली हा प्रश्न आपोआप पडतो.

तासांचा अजून एक फायदा आहे. किलोमीटरला तासांनी भागा. 19,000 ला 480 ने भागलं की ताशी 40 च्या आसपास येतं, मोकळ्या रस्त्यावर काढल्या जाणाऱ्या गाडीला शोभणारा आकडा. तास 1,600 निघाले तर सरासरी 12 होते. मग एक तर गाडी सतत वाहतुकीत रांगली आहे, नाही तर उभी ठेवून गुरगुरवली आहे, नाही तर ओडोमीटर मागे फिरवला आहे. तिन्हींत ‘वर्षातून चार-पाच वेळा’ ही गोष्ट बसत नाही. ओडोमीटर मागे नेणारे तासांची नोंद बऱ्याचदा विसरतात. सगळ्याच गाड्यांत ही नोंद मिळत नाही, पण मिळत असेल तर तिचा प्रिंट मागा.

स्कॅनर लावणारच असाल तर फॉल्ट कोड नाहीत यावर खूश होऊ नका. कोड सकाळी पुसलेले असू शकतात. सगळे कोड पुसले की प्रदूषण-नियंत्रणाच्या स्वयंतपासण्याही शून्यावर येतात, आणि गाडी काही दिवस चालल्याशिवाय त्या पूर्ण होत नाहीत. स्कॅनरच्या ‘रेडीनेस’ पानावर निम्म्या तपासण्या अपूर्ण दिसल्या तर विचारा, बॅटरी काढली होती का? हो म्हणाले तर ठीक, आठवडाभर गाडी चालू द्या आणि पुन्हा बघा. घाई कोणाला आहे हे त्या आठवड्यात कळतं.

आता चालवून बघायचं. सुरुवातीला मालकाला चालवू द्या, तुम्ही शेजारी बसा. थंड ऑइलवर तो किती रेस देतो ते बघा. पाहुण्यासमोर थंड इंजिन सहा हजारांवर नेणारा माणूस एकटा असताना काय करत असेल? बहुतेक गाड्यांत काट्यावर दिसतं ते पाण्याचं तापमान. ऑइल त्यानंतरही कितीतरी वेळ थंडच असतं.

तुमच्या हातात आल्यावर दुसऱ्या गिअरकडे लक्ष द्या. सिंक्रोवर, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या कडीवर, सगळ्यात जास्त भार तिथे पडतो. थंड असताना दुसरा थोडा अडखळला तर चालेल, गिअर ऑइल जाडसर असतं. गरम झाल्यावरही तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना करकरला, तर गिअरबॉक्स उतरवायच्या खर्चाची तयारी ठेवा. क्लच बघायला रस्ता मोकळा असताना वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर पूर्ण अॅक्सिलरेटर द्या. काटा चढला आणि गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर क्लच सरकतोय. तुमची गाडी मॅन्युअल आहे म्हणून, नाही तर क्लच पेडल नसलेल्या, एका क्लचच्या सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हा अंदाज पायाला येत नाही, स्कॅनरवर क्लचची झीज टक्क्यांत वाचावी लागते. स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरवा. लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल (एकच चाक मोकळं फिरू न देणारी यंत्रणा) असेल तर मागून थोडी कुरकुर येऊ शकते. ती ऑइल बदलल्यावर कमी होते, ठणठण आवाज असेल तर तो मात्र तसा जात नाही.

ब्रेक लोखंडी असतील तर चकतीच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते, व्हर्नियरने मोजा. कार्बन-सिरॅमिक असतील तर गाडीच्या किमतीत वेगळी ओळ धरा. त्या वरून नव्यासारख्या दिसत राहतात, कारण उष्णतेने आतला कार्बन जळत जातो आणि चकती हलकी होते. म्हणून अनेक चकत्यांवर किमान वजन कोरलेलं असतं, आणि ते तपासायला चकती काढून काट्यावर ठेवावी लागते. कडेला टवका उडाला असेल, बहुतेक वेळा चाक काढताना रिम आपटून, तर चकती सहसा बाद समजतात.

गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय पैशाचं बोलू नका. रंग मोजायचं यंत्र असेल तर कंपनीचा रंग साधारण 100 ते 180 मायक्रॉन येतो, एकाच दाराचा 350 आला तर ते पुन्हा रंगवलंय, हजाराच्या वर गेला तर आत पुट्टी आहे. नुसतं चुंबकावर चालणारं यंत्र अॅल्युमिनियमवर उपयोगाचं नाही, आणि फायबर किंवा कंपोझिट बॉडीवर, उदाहरणार्थ कॉर्व्हेटवर, साधी यंत्रं गप्पच बसतात. तिथे डोळे, बोल्टांवरच्या पान्याच्या खुणा, आणि फटींची रुंदी. खालून मला रंगापेक्षा सांगाडा महत्त्वाचा वाटतो. लोटस एलिसचा सांगाडा चिकटवलेल्या अॅल्युमिनियमचा असतो. त्याला वाक आला असेल तर डेन्टिंगवाल्याकडे त्याचं उत्तर नाही. बीएमडब्ल्यू ई46 एम3 मध्ये मागच्या सबफ्रेमच्या (सस्पेन्शन धरणाऱ्या चौकटीच्या) आधाराशी पत्र्याला भेगा जातात, डिकीतला गालिचा उचलून आणि खालून, दोन्हीकडून बघावं लागतं. जुन्या माझदा एमएक्स-5 मध्ये टपाच्या पाण्याची भोकं तुंबतात आणि दाराखालच्या पट्ट्या आतून गंजतात. वरून रंग शाबूत, आत पापुद्रे.

प्रत्येक मॉडेलचं असं एखादं ठरलेलं दुखणं असतं, ते घरूनच वाचून जा. 1997 ते 2008 मधल्या बऱ्याच पोर्शे बॉक्सस्टर आणि साध्या 911 मध्ये इंटरमीडिएट शाफ्टचं (इंजिनातल्या मधल्या दांड्याचं) बेअरिंग, त्यातही 2005 च्या आधीच्यांत जास्त. त्याच काळातल्या 911 टर्बो आणि जीटी3 चं इंजिन वेगळ्या घराण्यातलं, त्यांना ही भीती नाही. बीएमडब्ल्यूच्या व्ही8 एम3 मध्ये रॉड बेअरिंग. माझदा आरएक्स-8 चं रोटरी इंजिन साध्या कॉम्प्रेशन मीटरने तपासूच नका, कारण रोटरला तीन बाजू असतात आणि साधा मीटर तिघींतला सगळ्यात चांगला आकडा दाखवून मोकळा होतो. तिथे रोटरीचा खास टेस्टर लागतो. ती गाडी तापल्यावर बंद करून लगेच पुन्हा स्टार्ट मारा. फार वेळ घरघरली तर नमस्कार करून निघा. (तिचं थोडं ऑइल मात्र जळणारच, ते मुद्दामच आत सोडलेलं असतं.)

मेकॅनिककडे न्याल तेव्हा ‘जनरल चेकअप’ असं मोघम सांगू नका. लीक-डाउन टेस्ट हवी म्हणा. कॉम्प्रेशन टेस्ट सिलिंडर किती दाब तयार करतो ते सांगते. लीक-डाउनमध्ये बंद सिलिंडरमध्ये हवा भरतात आणि किती टक्के निसटते ते बघतात. दहाच्या आत ठीक, वीसच्या वर गेली तर शोध घ्यायचा. तेव्हा कान लावायचा. हवा इनटेकमधून फुसफुसली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर पिस्टनच्या रिंग, आणि कूलंटमध्ये बुडबुडे आले तर हेड गास्केट. इंजिन न उघडता इतकं नेमकं सांगणारी दुसरी परीक्षा मला माहीत नाही. पण अनेक गॅरेजवाले मागितल्याशिवाय ती करत नाहीत, प्लग काढायला वेळ लागतो म्हणून.

ट्रॅकवर चाललेली गाडी सरसकट टाळावी का, असंही तुम्ही विचारलंय. माझं मत इतरांहून जरा वेगळं आहे. दर ट्रॅकवारीनंतर ऑइल बदलणाऱ्या, ब्रेक ऑइल ताजं ठेवणाऱ्या आणि हे सगळं उघड सांगणाऱ्या माणसाची गाडी मी आनंदाने बघतो. भीती लपवणाऱ्याची आहे. चाकांच्या कमानीत आत चिकटलेले रबराचे गोळे, टो-हुकच्या भोकाशी ओरखडे, निळसर पडलेल्या ब्रेक चकत्या, सीटच्या खांद्यावर पट्ट्यांची घासण, हे दिसलं आणि तरी मालक ‘फक्त रविवारी कॉफीला न्यायचो’ म्हणाला, तर बाकीच्या उत्तरांचं वजनही तेवढंच धरा. मॉडिफिकेशनलाही हाच नियम. पार्ट काढून ठेवलेले असतात, रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये केलेला बदल) पुसून मूळ फाइल टाकलेली असते. वाढीव दाबावर चाललेलं इंजिन मात्र मूळचं होत नाही.

आतली बाजू मी दोन मिनिटांत उरकतो: ड्रायव्हर सीटची बाहेरची कड, क्लच पेडलचं रबर, गिअरच्या गाठीवरची चकाकी, हे 19,000 ला जुळतं का. एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर बल्ब काढलेला असू शकतो.

तुम्ही फोटो पाठवलेत त्यांतल्या टायरांवरून थोडं सांगता येतं. टायरच्या कडेवर चार आकडी नंबर असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पुढच्या दोन्हींवर 4814 दिसतंय, म्हणजे 2014 चा 48 वा आठवडा. ते बहुधा गाडीसोबतच आलेले आहेत. पुढची नक्षी अजून बऱ्यापैकी खोल आहे, तेव्हा रनिंग खरं असण्याची शक्यता वाढली. पण त्या टायरांवर टेस्ट ड्राइव्हला ओल्या रस्त्यावर जाऊ नका. डाव्या मागच्यावर 3121 आहे आणि उजव्या मागच्याचा फोटो चिखलामुळे वाचता येत नाही, तो पुन्हा काढून घ्या. निदान डावा मागचा टायर 2021 च्या मध्यानंतर बदललेला आहे, आणि ताकदवान गाडीत मागची जोडी लवकर जाणं स्वाभाविकच आहे. मालकाकडे त्या बदलाचं बिल मागा, त्यावर त्या दिवशीचे किलोमीटर लिहिलेले असू शकतात. उजवा मागचा दुसऱ्याच तारखेचा किंवा दुसऱ्याच कंपनीचा निघाला, तर त्या बाजूचा मागचा सस्पेन्शन आर्म आणि रिमची आतली कड लिफ्टवर सगळ्यात आधी बघा.